एकाहत्तरावा खुळखुळा

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतला खेळण्यांचा कारखाना बंद झाला, त्याची बातमी चार ओळींची होती. मजकूर मीच लिहून दिला होता. कारखान्यात लाकडी खेळणी बनत, मालकांनी वयोमानामुळे तो बंद केला, यंत्रे विकली गेली, शेडमध्ये आता बेदाण्याचे गोदाम होणार आहे. चारही ओळी खऱ्या होत्या. पण ती बातमी छापून आली त्या दिवशीही आमचा एक खुळखुळा बाहेर कुठेतरी होता आणि त्यात विष होते.

कारखान्यात माझे काम तपासणीचे. त्याआधी नऊ वर्षे मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. ती आवृत्ती बंद पडली आणि कारखान्याच्या मालकांनी मला बोलावून घेतले. त्यांना सगळे तात्या म्हणत. मूळचे साताऱ्याचे, मिरजेत त्यांची लाकडाची वखार होती. "तुम्ही आजवर दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरलंय," ते म्हणाले. "इथंही तेच करा. फक्त इथली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून भागत नाही." मला ते वाक्य तेव्हा नुसते चटपटीत वाटले.

कारखाना सुरू झाला तो तंबोऱ्यामुळे. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणारी घराणी आहेत. तार ताणण्याच्या लाकडी मुठीला खुंटी म्हणतात आणि ती लेथवर कातून घ्यावी लागते. यासीनभाई हे खुंट्या कातणारे. बटण दाबले की तंबोऱ्याचा सूर देणारी पेटी बाजारात आली, तशी खुंट्यांची मागणी घटली. एक दिवस यासीनभाई वखारीत आले आणि नुसतेच बसून राहिले. तात्यांनी विचारले, "आज काय न्यायचंय?" यासीनभाई म्हणाले, "काही नाही. लाकडाचा वास घ्यायला आलो." तात्यांना नुकताच नातू झाला होता. त्यांनी एक तुकडा पुढे केला आणि खुळखुळा करून मागितला. तो बघून शेजाऱ्यांनी मागितला. वर्षाच्या आत चार लेथ आणि एक पत्र्याची शेड उभी राहिली.

मिरज हे दवाखान्यांचे गाव. कर्नाटकाच्या सीमेपलीकडून, कडेगावकडून बायका बाळंतपणाला येतात आणि घरी परतताना नातेवाईक बाळासाठी काहीतरी घेतात. कारखान्याच्या भिंतीला एक खिडकी ठेवली होती, तिथून सुटी विक्री चाले. पुढे साताऱ्याचे आणि सांगलीचे दुकानदार आले, मग पुण्याच्या बालवाड्या. भोवरे, पांगुळगाडे, लगोऱ्या, भातुकली असा माल वाढत गेला. भरात असताना बेचाळीस माणसे कामाला होती, त्यांत निम्म्याहून अधिक बायका. पाटीवर कारखान्याचे नाव वेगळे होते, पण ते कोणी घेत नसे. रिक्षावाल्याला "खुळखुळा कारखाना" एवढे सांगितले की पुरे होई.

खुळखुळा दिसतो तितका सोपा नसतो. गोल डोके आतून पोखरायचे, त्यात दाणे टाकायचे आणि दांड्याचे टोक डिंकाने ठोकून तोंड बंद करायचे. रंग ब्रशने देत नाहीत. लाकूड लेथवर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडाला बसते. मग वरून केवड्याचे पान फिरवले की चकाकी येते. सगळी कसोटी अशी, की ही वस्तू हातात कमी आणि तोंडात जास्त असणार आहे.

म्हणून तपासणी. नमुना छातीच्या उंचीवरून पाच वेळा शहाबादी फरशीवर टाकायचा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासायचा. रंग उतरला तर माल परत. त्याखेरीज लाकडाची एक नळी होती, तान्ह्या मुलाच्या घशाएवढी. त्या नळीतून आत जाईल असा कोणताही सुटा भाग खेळण्यात नको. पॅकिंग बघणाऱ्या सुशीलाबाई कडेगाव तालुक्यातल्या. त्या नळीला त्यांनी "नरडं" असे नाव दिले होते. "साहेब, पोराचं नरडं कुटं ठिवलंय?" असे त्यांनी विचारले की कारखाना बघायला आलेले पाहुणे दचकत.

चोवीस नगांच्या खोक्यातून एक नग तपासायचा असा नियम होता. तो मीच केला होता.

खुळखुळ्यात आम्ही शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, भरत असू. स्वस्त, हलका, आणि चुकून बाहेर आला तरी धान्यच. वर्षानुवर्षे कोणाची तक्रार नव्हती. मग एका सकाळी कडेगावकडचे एक आजोबा खिडकीशी आले आणि खुळखुळा माझ्यापुढे धरून म्हणाले, "आवं, ह्यो मुका झाला."

"म्हणजे काय झालं?"

"बोलत न्हाई. गेल्या म्हयन्यात लय बडबडत हुता."

हलवून पाहिला. आवाज नव्हता. यासीनभाईंनी दांडा काढला तेव्हा आतून शाळूचे पीठ आणि चार पोरकिडे पडले. आजोबांनी ते किडे नीट निरखले.

"नात माजी अजून दूध पिती," ते म्हणाले, "आन तुमी तिला जित्राबं पाळाय दिली व्हय?"

शेडमध्ये हसू फुटले. यासीनभाई हसले नाहीत. वाद्य करणाऱ्याच्या हातची वस्तू मुकी होणे हा त्यांच्या लेखी विनोद नव्हता. त्या दिवसापासून ते शाळूला पर्याय शोधू लागले. भाजलेला शाळू घालून पाहिला. आवाज बसका आला. चिंचोके घातले, नुसती खडखड. तात्यांनी लोखंडी छर्रे सुचवले, तेव्हा यासीनभाई म्हणाले, "ही काय सायकल आहे का, तात्या?"

तीनेक आठवड्यांनी ते माझ्या टेबलाशी आले. मला ते कायम पेपरवाले म्हणत. "पेपरवाले, कान द्या जरा." त्यांनी कानाशी खुळखुळा हलवला. शाळूच्या आवाजाला एक जाडपणा असे. हा आवाज बारीक होता, सुटा होता आणि प्रत्येक दाणा वेगळा ऐकू येत होता.

"काय भरलंय?"

"आवाज कसा आहे ते सांगा."

"फार चांगला आहे."

"मग झालं तर. सातच दाणे. सहा घातले तर रिकामं वाटतं, आठ घातले की गर्दी होते."

मी पुन्हा विचारले नाही. उत्तर टाळले गेले असेल तर तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचा, हे मी दैनिकात नवख्या बातमीदारांना शिकवत असे. इथे मी नमुना फरशीवर पाच वेळा टाकला, तो फुटला नाही, आणि मी सही केली.

चांगल्या आवाजाची खूण म्हणून यासीनभाईंनी त्या खुळखुळ्यांच्या मानेवर एक काळी रेघ कातली. पूर्ण झालेल्या प्रत्येक नगामागे त्यांनी लेथशेजारच्या भिंतीवर खडूची एक उभी रेघ ओढली. खुंट्या कातायच्या काळापासूनची ही त्यांची सवय. माल खिडकीत आला तसा हातोहात गेला. लोक हलवून बघत आणि काळ्या रेघेचाच मागत. धोतर-टोपीतल्या एका गृहस्थांनी एकामागून एक बारा खुळखुळे कानाशी हलवले, दोन पुन्हा मागून घेतले आणि अखेर एक निवडला. मला वाटले, हौशी आजोबा असतील.

पुढच्या खोक्यातला नमुना मी फरशीवर टाकला तो तिसऱ्या वेळेला मानेशी उकलला. दाणे पसरले. लालभडक, टोकाला काळा ठिपका. दोन दाणे घरंगळत सुशीलाबाईंच्या टेबलाखाली गेले. त्यांनी एक उचलला आणि तळहातावर धरून माझ्यापुढे आल्या.

"साहेब, ही गुंज हाय."

"हो. सोनार वजनाला वापरत ती."

"सोनाराची असूद्या न्हाईतर राजाची. आमच्याकडं शेळीनं चावून खाल्ली तर सांज बघत न्हाई. ही पोरास्नी दिली तुमी?"

यासीनभाईंना बोलावले. त्यांचा एक बालमित्र सोनार होता. त्याने वडिलांचे जुने दुकान रिकामे करताना गुंजांचा डबा यासीनभाईंना दिला होता. गुंज वेलीवर कशी लागते, तिला काय म्हणतात, जनावरे तिला तोंड का लावत नाहीत, हे गावाकडच्या कोणालाही विचारले असते तरी कळले असते. यासीनभाई पेठेत वाढलेले. त्यांनी गुंज फक्त तराजूत पाहिली होती.

"लहानपणी त्याच्या दुकानात ह्याच दाण्यांशी खेळलोय मी," ते म्हणाले. "तोंडात धरलेत."

"चावलं हुतं का?" सुशीलाबाईंनी विचारले.

"नाही."

"म्हणून हितं हुबं हाय."

यासीनभाईंनी टेबलावरचा एक दाणा उचलला. "बघू, आत्ता चावतो." सुशीलाबाईंनी त्यांच्या हातावर जोराने चापट मारली. दाणा खाली पडला. "खाली बसा आदी," त्या म्हणाल्या. "आमी तुमच्या मागं पळायचं का त्या खुळखुळ्यांच्या मागं?"

दवाखान्यातल्या एका डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले, अख्खा दाणा गिळला गेला तर बहुधा तसाच बाहेर पडतो, कारण त्याचे कवच कठीण असते. कवच चावले किंवा फुटले तर मात्र लहान मुलाचा भरवसा देता येत नाही. मग त्यांनी विचारले, "किती बाहेर आहेत?"

भिंतीवर एकाहत्तर रेघा होत्या. फुटलेला धरून सव्वीस नग कारखान्यातच होते. चोवीस साताऱ्याच्या दुकानात गेले होते आणि बारा सांगलीच्या विश्रामबागेतल्या. राहिलेले नऊ खिडकीतून गेले होते आणि खिडकीतल्या गिऱ्हाइकाचे नाव आम्ही कधीच लिहून घेत नसू.

यासीनभाईंनी ओल्या फडक्याने सव्वीस रेघा पुसल्या. पंचेचाळीस उरल्या.

विश्रामबागेचे काम एका दिवसात झाले. सात नग दुकानातच होते. पाच जणांना दुकानदार ओळखत होता. साताऱ्याला तात्या आणि मी जीपने गेलो. दुकानात पंधरा नग मिळाले. नऊ विकले गेले होते. दुकानदाराने आठवून आठवून पत्ते दिले आणि आम्ही घरोघर फिरू लागलो. प्रत्येक दारात मी तेच तीन वाक्यांत सांगत होतो: आम्ही कोण, खुळखुळ्यात काय आहे, तो आत्ता कुठे आहे. बहुतेक घरांत खुळखुळा पाळण्याला टांगलेला होता. सहाव्या घरात तो मुलीच्या तोंडात होता.

सात-आठ महिन्यांची मुलगी सतरंजीवर बसली होती. खुळखुळ्याचे डोके दोन्ही हातांनी धरून ती चावत होती. मी पुढे होऊन तो काढून घेतला. तिने भोकाड पसरले. तिची आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, कोण तुम्ही? लेकराच्या तोंडातलं खेळणं हिसकावता?"

खुळखुळ्याच्या लाखेवर दोन बारीक खाचा होत्या, नव्या दातांच्या. मी बोट फिरवून पाहिले. मान घट्ट होती. हलवला, सातही दाणे बोलले. तात्यांनी आजींना सगळे सांगितले. त्यांनी खाली बसून मुलीला मांडीवर घेतले, तिच्या तोंडात बोट फिरवले आणि मग तात्यांकडे बघून म्हणाल्या, "आणि हे सांगायला तुम्ही स्वतः आलात?"

"दुसऱ्याला पाठवण्यासारखं नव्हतं," तात्या म्हणाले. जीपमधून त्यांनी एक पांगुळगाडा आणून दिला. तो शाळूचाही नव्हता आणि गुंजेचाही, नुसते लाकूड.

खिडकीतल्या नऊ नगांसाठी वर्तमानपत्रात सूचना देण्याखेरीज मार्ग नव्हता. मजकूर मी लिहिला. तात्यांनी वाचला आणि "विषारी" या शब्दावर पेन्सिल टेकवली.

"‘अपायकारक’ केलं तर?"

"अपायकारक तर पोरकिडेही होते, तात्या. लोक हसतील आणि पान उलटतील."

"हा शब्द छापला की कारखाना बसला म्हणून समजा."

"होय."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि सही केली. सूचना अशी सुरू होत होती: "ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे व ज्यांनी आमच्या खिडकीवरून मानेवर काळी रेघ असलेला खुळखुळा घेतला आहे, त्यांनी तो तत्काळ मुलापासून दूर करावा. आत विषारी बी आहे." मला हा मजकूर चोख वाटला होता. कोणी, काय, कुठे, का, सगळे त्यात होते.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीपुढे रांग लागली. ज्यांच्याकडे काळी रेघ नव्हती तेही आले. दोन पोती जुने खुळखुळे जमा झाले, काही तर मुले शाळेत जायला लागल्यावर माळ्यावरून काढलेले. मुक्या खुळखुळ्याचे आजोबाही आले. शाळूचाच दुसरा नग त्यांना दिला होता, तो परत करत म्हणाले, "आवं, मुका बरा हुता की आमचा."

आठ दिवसांत काळ्या रेघेचे आठ आले. एकाही मुलाला काही झालेले नव्हते. भिंतीवर एक रेघ उरली.

ती तशीच राहिली. मी दुसऱ्यांदा सूचना दिली, मजकूर तोच. कोणी आले नाही. माझ्या जुन्या दैनिकातल्या मित्राला सांगून ठेवले, की जिल्ह्यात लहान मुलाला बाधा झाल्याची कोणतीही बातमी आली तर छापण्याआधी मला कळवायची. मी स्वतः रोज सकाळी आतल्या पानांवरच्या एक-दोन ओळींच्या बातम्या आधी वाचत असे. यासीनभाईंनी खुळखुळे करणे सोडले. भोवरे आणि लगोऱ्या कातू लागले. दर शुक्रवारी नमाजाहून आले की ते माझ्या टेबलाशी थांबत.

"पेपरवाले, आला का?"

"नाही."

"बातमी?"

"बातमीही नाही."

एवढे बोलून ते लेथवर जात. त्यांच्या मुलाला मुलगी झाली तेव्हा कारखान्यातल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे बारशाचा खुळखुळा बांधून दिला, शाळूचा. यासीनभाईंनी तो घरी नेला नाही.

कारखाना त्या सूचनेने बसला नाही. दोन दुकाने सुटली, पण बालवाड्यांनी माल घेणे थांबवले नाही. साताऱ्याच्या त्या दुकानदाराने तर मागणी वाढवली. आम्ही प्रत्येक नग फरशीवर टाकू लागलो आणि डोक्याची भिंत जाड ठेवून आत पुन्हा शाळूच भरू लागलो. उतार नंतर आला आणि त्याला एकच कारण नव्हते. बोलणारे पोपट आले, दिवे लागणाऱ्या गाड्या आल्या. मग पाळण्यावर मोबाइल टांगलेला दिसू लागला. करोनाच्या टाळेबंदीच्या आगेमागे खेळण्यांच्या कारखान्यांना प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले. त्यासाठी चाचण्या, यंत्रे, कागद. वसाहतीतले लोक तात्यांकडे येऊन सरकारला शिव्या देत. तात्यांनी नियमांचे पुस्तक चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले आणि मला म्हणाले, "हे चांगलं आहे. हे आधी असतं तर तो डबा आपल्या दारात आला नसता. पण ह्याला पुरं पडायचं माझं वय राहिलं नाही."

बंद करायचा निर्णय त्यांनी घाईने घेतला नाही. वर्षभर आधी सगळ्यांना सांगितले. सुशीलाबाई कडेगावला परतल्या आणि तिथे बालवाडीत लागल्या. निघताना त्यांनी ते नरडं मागून घेतले. शेवटच्या दिवशी लेथ थांबले तेव्हा वाईट वाटले, हे खरे. त्याहून जास्त जे वाटले ते सुटकेचे होते. उद्यापासून माझी सही घेऊन कोणतीही वस्तू कोणाच्या तोंडात जाणार नव्हती. फक्त एक आधीच गेलेली होती.

बेदाणेवाल्यांनी शेडला चुना दिला. भिंतीवरची रेघ त्याखाली गेली. पुढे मी यासीनभाईंनी पेठेत थाटलेल्या दुकानात गेलो, तेव्हा त्यांच्या लेथशेजारच्या भिंतीवर खडूची एक उभी रेघ दिसली. मी तिच्याबद्दल विचारले नाही. या वेळी विचारायची गरज नव्हती. ते आता पुन्हा खुंट्या कातत होते आणि जुनी वाद्ये दुरुस्त करत होते.

यंदा श्रावणाच्या तोंडावर, सकाळी दहाच्या सुमारास त्यांचा फोन आला.

"पेपरवाले, या. आला."

"आणि मूल?"

"मूलच नाही ह्यात. तुम्ही या."

विश्रामबागेतल्या घरून मिरजेला पोचायला मला अर्धा तास लागला. दुकानात धोतर-टोपीतले एक वृद्ध गृहस्थ बसले होते, मांडीवर भजनातली वीणा. दोघांच्या मध्ये पंच्यावर तो खुळखुळा ठेवलेला. वरची लाख हाताळून झिजली होती, पण मानेवरची रेघ शाबूत होती. यासीनभाई त्याच्यावरची नजर काढत नव्हते.

"ह्यांस्नी सांगा काय तरी," गृहस्थ मला म्हणाले. त्यांचे नाव पांडूअण्णा, कडेगावकडच्या एका भजनी मंडळाचे. "मी ईणा दुरुस्तीला आणली, आन ह्यांनी माजी पिशवीच धरून ठिवली."

"पिशवी खाली टेकवली ह्यांनी," यासीनभाई म्हणाले. "लेथ चालू होता माझा. तरी ऐकू आलं."

पांडूअण्णांनी माझ्याकडे निरखून पाहिले. "तुमीच न्हवं खिडकीतलं सायेब? बारा हलवून बघितलं मी, तवा तुमी काय बोलला न्हाई. आमच्या टाळकऱ्यांत बारीक आवाजाचं कायबी न्हवतं. ह्यो लय गोड बोलतो बघा. इतकी वर्सं एक भजन चुकलं न्हाई ह्येचं."

"आम्ही पेपरात सूचना दिली होती, अण्णा. वाचली नाहीत?"

"वाचली की! देवळात मोठ्यानं वाचून दावली मी. गावात चार घरात बारकी पोरं हुती, समद्यांचं खुळखुळं मी सोता बघितलं."

"मग तुमचा?"

"माजा कशाला? तुमीच लिवलं हुतं, ज्यांच्या घरी तान्हं मूल हाय त्यांनी. माज्या घरात मी आन आमची म्हातारी."

यासीनभाईंनी माझ्याकडे पाहिले. मजकूर माझा होता. दोनदा छापला होता. पहिल्या पाच शब्दांतच मी या माणसाला वगळले होते.

"पण त्यात विष आहे, हे तर कळलं होतं?" मी विचारले.

"असंल की. भजनात कोन चावतंय त्येला? आन चावाय आमच्या मंडळात दात कुणाला हायत?"

त्यांची समजूत घालायला बराच वेळ गेला. घरात पाहुण्यांची नातवंडे येतात, पिशवी दर वेळी उंच खुंटीला नसते, हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच खुळखुळा यासीनभाईंच्या हातात दिला. एक अट घातली: दुसरा करून द्यायचा, आत्ता, आणि आवाज हाच पाहिजे.

यासीनभाईंनी लेथवर मान कापली. पितळी ताटलीत दाणे पडले. त्यांनी मोजले, मग माझ्याकडून मोजून घेतले. सात. एकही फुटलेला नव्हता. ते दाणे त्यांनी डिंक तापवायच्या चुलीत टाकले. मग उठून भिंतीपाशी गेले आणि अंगठ्याने खडूची रेघ पुसली. पुसून झाल्यावरही अंगठा काही वेळ तिथेच होता.

गुंजेच्या जागी काय घालायचे हा प्रश्न होता. खुंटीच्या शिसवी लाकडाच्या तुकड्यातून त्यांनी बारीक मणी कातायला घेतले. मी दाराशी बसून बघत होतो. डोके पोखरणे, मणी टाकणे, दांडा ठोकणे, सगळे हात त्यांना आठवत होते. लाख दिली, पान फिरवले. काळी रेघ कातली नाही. निवल्यावर त्यांनी तो मला दिला. दुकानात शहाबादी नव्हती, म्हणून मी रस्त्यावर जाऊन पायरीच्या दगडावर पाच वेळा टाकला. मग खालच्या जास्त कडक दगडावर आणखी पाच वेळा टाकला आणि आणून पांडूअण्णांच्या हातात दिला.

त्यांनी डोळे मिटून तो कानाशी हलवला. एकदा या कानाशी, एकदा त्या.

"जरा कमी हाय," ते म्हणाले.

"किती?" यासीनभाईंनी विचारले.

"मागल्यागत गोड न्हाई."

"तेवढा कमीच असू दे, अण्णा."

पांडूअण्णांनी विचार केला, पुन्हा एकदा हलवला आणि खुळखुळा पिशवीत टाकला. वीणा काखेत घेऊन ते पायरी उतरले आणि वळून म्हणाले, "पण आता चावला तर चालंल न्हवं?"

"चावा," यासीनभाई म्हणाले. "आधी दात आणा, आणि खुशाल चावा."